बाळाच्या माकडहाडाजवळची गाठ अंगावर काढू नका

तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना कधी माकडहाडाजवळ गाठ हाताला लागते. कधी मुलाची एक अंडगोळी दुसरीपेक्षा मोठी आणि टणक वाटते. बाळ रडत नाही, दूध नीट पितं, म्हणून घरची माणसं ‘मोठं झालं की जिरेल’ म्हणत गप्प बसतात. अशा बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण काही गाठी जर्म सेल ट्युमर, म्हणजे जननपेशींच्या असतात आणि तिथे उशीर महागात पडतो.

यातला ‘जर्म’ म्हणजे जंतू नव्हे. ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतात, त्या जननपेशी. बाळ पोटात असताना या पेशी सरकत आपल्या जागी जातात. काही वाटेतच राहिल्या आणि वाढू लागल्या, की गाठ होते. तान्ह्या बाळात ती सर्वात जास्त माकडहाडाशी आढळते. साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एका बाळाला ती असते, त्यातही मुलींना जास्त. गाठीत कधी केस, हाड, दातही सापडतात. आईने ग्रहण पाळलं नाही किंवा नजर लागली, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

उशीर का नको?

जन्मावेळी दिसणाऱ्या माकडहाडाच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण दोन महिने उलटले की त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता वाढत जाते. काही गाठी बाहेर दिसतच नाहीत, आतल्या बाजूला वाढतात. बाळाला सारखी बद्धकोष्ठता, लघवी अडणं, पायात जोर नसणं अशी लक्षणं असतील तर तपासणी हवी.

गाठ सुईने फोडू नये, चोळू नये, लेप लावू नये. पाठीच्या खालची प्रत्येक फुगवटी ट्युमरच असते असं नाही. मज्जारज्जूच्या आवरणाची पिशवीही तशीच दिसते. ती फुटली तर जंतुसंसर्ग थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अंडगोळीत नुसतं पाणी भरलं असेल तर बॅटरीचा उजेड आरपार दिसतो, पण त्यावर विसंबू नये. सोनोग्राफी करावीच.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना

एएफपी नावाची रक्ततपासणी यात महत्त्वाची. मात्र नवजात बाळाचा एएफपी मुळातच हजारोंच्या घरात असतो. मोठ्या माणसाच्या मापाने पाहिलं तर निरोगी बाळाचा रिपोर्टही भयंकर वाटेल. पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा दर पाच-सहा दिवसांनी निम्मा होत जातो आणि आठ-दहा महिन्यांत मोठ्या माणसाइतका होतो. त्यामुळे एकाच आकड्यावरून घाबरून जाऊ नये. वयाच्या मानाने तो उतरतोय की चढतोय, हे डॉक्टर पाहतात. जोडीला सोनोग्राफी, एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो.

उपचार कसे होतात?

साध्या गाठीला ऑपरेशन पुरतं. माकडहाडाची गाठ काढताना ते हाडही काढावं लागतं, नाहीतर गाठ पुन्हा येण्याचा धोका राहतो. अंडगोळीच्या गाठीत कॅन्सरचा संशय असेल तर ऑपरेशन जांघेतून करतात, अंडकोषावर चिरा देत नाहीत. म्हणून ते मुलांच्या सर्जनकडेच करावं. गाठ कॅन्सरची असेल आणि पसरली असेल तर केमोथेरपी देतात. गाठ फार मोठी असेल तर केमो आधी आणि ऑपरेशन नंतर. या औषधांनी कानावर व किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांचीही तपासणी चालू राहते. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात.

गावातून परळपर्यंत

बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात. तेव्हा बाळाचे कपडे काढून पाठ, कंबर, अंडगोळ्या दाखवाव्यात. शंका वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालय गाठावं. तिथून पुढे मुंबईला पाठवलं तर परळला १९२९ पासूनचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल, केईएम आणि १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल एकमेकांच्या जवळच आहेत. रेशनकार्ड, आई-वडिलांचं आधारकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत ठेवावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करावी. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत. जागा मिळेल का, हे दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात आधी विचारावं.

ऑपरेशन झालं, बाळ खेळायला लागलं, की पुढच्या तारखा चुकतात. गाठ परतली तर ती पहिल्या दोन-तीन वर्षांत परतण्याची शक्यता जास्त आणि बऱ्याचदा रक्तातला एएफपी ते आधी सांगतो. म्हणून पेरणी असो की काढणी, डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.