संघाचा पराभव, प्रशिक्षकाचा बळी

संघ हरू लागला की प्रशिक्षकाचा बळी मागावा, ही अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची जुनी रीत आहे. (तेथील हा खेळ भारतीयांच्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा, त्यात चेंडू प्रामुख्याने हातांनीच खेळला जातो.) परंतु माणूस बदलल्याने संघ सुधारतोच काय?

व्हर्जिनिया टेक विद्यापीठापुढे १९९२ च्या अखेरीस हाच प्रश्न उभा होता. मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या सहा वर्षांच्या कारकीर्दीत २४ विजय आणि ४० पराभव जमा झाले होते. त्या हंगामात तर ११ सामन्यांपैकी अवघे दोन जिंकले होते. मात्र पूर्वीच्या कारभारातील नियमभंगामुळे खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांत कपात झालेला संघच त्यांच्या हाती आला होता. विद्यापीठाने बीमर यांना ठेवले. काही सहायक प्रशिक्षक बदलण्यात आले. पुढच्याच वर्षी संघाने नऊ सामने जिंकले, आणि २०१५ मध्ये बीमर निवृत्त झाले तोवर हंगामाअखेरच्या ‘बाउल’ सामन्याचे निमंत्रण एकदाही चुकले नाही.

उलट, नेब्रास्का विद्यापीठाने २००३ मध्ये नऊ सामने जिंकूनही फ्रँक सोलिच यांना दूर केले. पुढच्याच वर्षी, १९६१ नंतर प्रथमच, संघाचे पराभव विजयांहून अधिक झाले.

प्रशिक्षक कधीच बदलू नये, असा याचा अर्थ नव्हे. आधी निदान, मग उपचार, एवढाच क्रम पाळावयाचा. खुर्ची रिकामी करणे सोपे असते. ती योग्य माणसाने भरणे कठीण.