रक्त मोजणारी झोळी

२०२३ मध्ये जगात सुमारे २,६०,००० स्त्रिया गरोदरपणात वा बाळंतपणात दगावल्या. त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक एकट्या नायजेरियातल्या. मोठे कारण अतिरक्तस्राव. किती रक्त गेले हे नुसत्या नजरेने ठरवले जाते आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. म्हणून केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानियातील रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा छापलेली प्लास्टिकची झोळी लावली. रक्त वाढताच गर्भाशयाची मालिश, औषधे, सलाईन एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव सुमारे ६० टक्क्यांनी घटला. इतका साधा उपाय! मात्र रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाला २ ते ८ अंशांची थंडी लागते, आणि अनेक केंद्रांत वीजच बेभरवशाची. रक्तस्राव टाळण्यासाठीचे, उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते अशा प्रत्येक केंद्रात पोहोचलेच पाहिजे.