पायाचा आकडा आणि पुढचा आकडा

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणांचा आहे. पुष्कळ कॅडेट्सचे रसायनशास्त्राशी वाकडे येते ते इथेच. प्रेपमध्ये ज्युनियर्सचा ठरलेला प्रश्न असतो, “आकडे नक्की टाकायचे कुठे?” दोन्ही बाजू जुळेपर्यंत सापडेल त्या जागी आकडा बसवायचा, असा समज त्यामागे असतो. खरे म्हणजे आकडा टाकायची मुभा एकाच जागी आहे. ती जागा एकदा कळली की निम्मे काम झाले.

आधी लिहिण्याची रीत सांगतो. आपले पान मराठी असल्याने सूत्रेही नागरीतच दिली आहेत. एच२ओ म्हणजे पाणी. इथे अक्षराला चिकटून आलेला २ हा पायाचा आकडा आहे, वहीत आपण तो खाली बारीक लिहितो. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे तो सांगतो. आणि ३ एच२ओ असे लिहिले तर जागा सोडून आधी आलेला ३ हा पुढचा आकडा, म्हणजेच गुणक. पाण्याचे असे तीन रेणू घेतले, एवढाच त्याचा अर्थ. पायाचा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे. पुढचा आपण ठरवायचा.

हे नुसते नियमापुरते नाही. हायड्रोजन जळून पाणी होते, ते असे लिहू:

एच२ + ओ२ → एच२ओ

डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. इथे हात शिवशिवतात. उजवीकडच्या ओच्या पायाशी गुपचूप २ लिहिला की झाले: एच२ + ओ२ → एच२ओ२. मोजून पाहा, हिशोब तंतोतंत जुळतो, पुढे एकही आकडा लिहावा लागत नाही. फक्त उजवीकडचे ते पाणी राहिलेले नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, एमआय रूममध्ये जखम धुतल्यावर फसफसते ते. तिथेही ते बरेच पातळ करून ठेवलेले असते. पिण्याचा तर प्रश्नच नाही. बरोबर समीकरण असे:

२ एच२ + ओ२ → २ एच२ओ

आता दोन्हीकडे हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचे दोन अणू आहेत, आणि पाणी पाणीच राहिले आहे.

पण मुळात जुळवायचे कशासाठी? याचे उत्तर तराजूतून आले आहे. फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिए याने बंद भांड्यात कथिल तापवले. कथिलाचे रूप बदलले, पण भांडे उघडेपर्यंत सगळ्याचे मिळून वजन होते तेवढेच राहिले. उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरली आणि मगच वजन वाढले. म्हणजे कथिलाने जे घेतले होते ते भांड्यातल्याच हवेतून घेतले होते. अभिक्रियेत वस्तुमान नव्याने तयार होत नाही आणि नाहीसेही होत नाही, हा नियम त्याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे १७७५ पासून हा गृहस्थ फ्रान्सच्या सरकारी दारूगोळा खात्याचा एक प्रमुखही होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला.

मॅग्नेशियमच्या फितीवर हेच पाहता येते: २ एमजी + ओ२ → २ एमजीओ. ४८ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ८० ग्रॅम पांढरी भुकटी. फॉल-इनला तिनाच्या रांगेत उभे असलेले कॅडेट्स दोनाच्या रांगेत आले तरी हजेरीचा आकडा बदलत नाही. अणूंचे तसेच आहे, जोड्या बदलतात, संख्या नाही.

आता जरा अवघड उदाहरण घेऊ. तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की लोखंडाचे ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो:

एफई + एच२ओ → एफई३ओ४ + एच२

सुरुवात सगळ्यात गुंतागुंतीच्या सूत्रापासून करावी. इथे ते एफई३ओ४. त्यात ऑक्सिजन चार, म्हणून डावीकडे पाण्याचे चार रेणू हवेत. चार पाण्यांतून हायड्रोजनचे आठ अणू येतात, म्हणून उजवीकडे ४ एच२. लोखंड डावीकडे एकटेच उभे आहे, त्याच्यापुढे ३ लिहिल्याने दुसरे काहीच बिघडत नाही. ३ एफई + ४ एच२ओ → एफई३ओ४ + ४ एच२. एकटे असलेले मूलद्रव्य नेहमी शेवटी घ्यायचे. पुस्तके या पद्धतीला ‘चुकत-माकत’ शिकण्याची पद्धत म्हणतात. मला ते नाव पटत नाही. क्रम पाळला तर चुकण्यासारखे फार थोडे उरते.

मेसच्या सिलिंडरमधला गॅस मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचा असतो. ब्युटेन, म्हणजे सी४एच१०, जळताना कार्बनसाठी ४ सीओ२ आणि हायड्रोजनसाठी ५ एच२ओ लागतात. उजवीकडे ऑक्सिजनचे १३ अणू झाले. डावीकडे तो जोडीने येतो, म्हणजे साडेसहा रेणू. अर्धा रेणू लिहायचा नसेल तर सगळेच दुप्पट करावे:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

हे आकडे वाचायला शिकले पाहिजे. एक लिटर ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे हवा लागते जवळजवळ ३१ लिटर. बर्नरखालची हवेची भोके त्यासाठीच असतात. ती खरकट्याने बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांचे बूड काळे पडते. ते काळे म्हणजे न जळलेला कार्बन. पण हवा कमी पडल्यावर दुसरेही एक घडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही:

२ सी४एच१० + ९ ओ२ → ८ सीओ + १० एच२ओ

हेही समीकरण पूर्ण संतुलित आहे. तपासणारा दोन्हींना पूर्ण गुण देईल. १३ च्या जागी ९ आले आणि सीओ२ च्या पायाचा २ गेला, फरक तेवढाच. समीकरण जुळले म्हणून तेच घडले असे नसते. काय तयार होते हे परिस्थितीवरून ठरते, समीकरण फक्त त्याचा हिशोब मांडते.

कोळशाचेही असेच आहे. भरपूर हवेत सी + ओ२ → सीओ२, अपुऱ्या हवेत २ सी + ओ२ → २ सीओ. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेल्याला यातले काही कळतच नाही. कोळशाची शेगडी, उत्तरेत जिला अंगीठी म्हणतात, ती थंडीत बंद खोलीत ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

आपल्यापैकी बरेच जण पुढे बर्फाच्या भागात राहतील. तिथे बुखारी असते, तिचा धूर नळीवाटे छताबाहेर काढलेला असतो. नळीचे तोंड बर्फाने बुजले किंवा उबेसाठी सगळ्या फटी कापडाने बंद केल्या की आतली हवा अपुरी पडू लागते. शिवाय कार्बनचे सीओ२ न होता सीओ झाले, तर मिळायच्या उष्णतेपैकी जेमतेम २८ टक्केच हाती येते. म्हणजे इंधन जाते, ऊबही पुरेशी मिळत नाही, आणि खोलीत विष साठते. म्हणून झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढतात, बुखारीची नळी मोकळी आहे का ते पाहतात आणि खिडकीची एक फट उघडी ठेवतात, बाहेर कितीही थंडी असली तरी.