नाली तुंबली की नळही नासतो

परभणीची जमीन काळी, चिकण. पावसात ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचे थांबते. आपल्या मोहल्ल्यांत पावसाचे आणि संडासाच्या टाकीचे पाणी एकाच उघड्या नालीत जाते. नाली भरली की दोन्ही उंबऱ्यात. आम्हाला खरी भीती वाटते ती त्यापुढची. येलदरी धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही. मधल्या दिवसांत नालीलगतच्या फुटक्या, रिकाम्या पाइपात ही घाण शिरते; मग तीच हंड्यात, वुजूच्या लोट्यात. म्हणून नळाचे सुरुवातीचे पाणी सोडून द्यावे, पिण्याचे उकळावे. दारातली नालीवरची फरशी उचलता येईल अशीच बसवावी, नाहीतर गाळ काढणार कसा? महापालिकेला अर्ज पावसाळ्याआधी, साऱ्या गल्लीच्या सह्यांनी द्यावा, पोच घ्यावी. टाकीत मात्र सुरक्षा साधनांविना माणूस उतरवू नये, २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.