केळीची खोली: थंडी किती, भिंत किती

सुरतच्या नवागाम-दिंडोली पट्ट्यात अहिराणी ऐकायला फार चालावं लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारहून कापडधंद्याच्या ओढीने आलेली खानदेशी कुटुंबं इथे आणि शेजारच्या लिंबायत-उधन्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांना गावाशी जोडणारा उधना-जळगाव लोहमार्ग केळीच्या मुलखात जाऊन पोहोचतो. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. व्यापाराची केळी बागेत पिकत नाहीत. घड हिरवाच कापतात आणि तो पिवळा होतो गिऱ्हाइकाच्या शहरात, बंद खोलीत. पूर्वी ही खोली म्हणजे धुरी दिलेली वखार असे. आता तिच्या जागी पॅनलची, यंत्राने थंड केलेली खोली येते आहे आणि ती बांधणं हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

अशी खोली बांधायला निघालेला माणूस बहुधा आधी यंत्र किती टनाचं घ्यावं ते विचारतो. जाणता ठेकेदार त्याला उलट विचारतो, आत ठेवणार काय? द्राक्षाला शून्याच्या आसपासची थंडी आणि भरपूर दमटपणा लागतो. लशी आणि बरीचशी औषधं 2 ते 8 अंशांत राहतात, आइस्क्रीम आणि मासळीला उणे 18 किंवा त्याखाली जावं लागतं. केळं मात्र नाजूक. 13 अंशांखाली ठेवलं की साल काळवंडते, आणि हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही, पिकायला लागल्यावर उघडं पडतं. म्हणून ‘सगळ्यासाठी एकच कोल्ड रूम’ असं कोणी सांगू लागला तर तिथून उठावं.

आता थोडा हिशेब. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच खोली धरा. भिंती, छत, जमीन मिळून 108 चौरस मीटर. 80 मिलिमीटर जाडीचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले) सगळीकडून लावले, बाहेर 40 अंश आणि आत 14 अंश असले, तर पॅनलमधून आत झिरपणारी उष्णता जेमतेम 0.8 किलोवॅट भरते. त्याच खोलीत 32 अंशांवरची दहा टन केळी आणून एका दिवसात 14 अंशांवर न्यायची म्हटली तर सरासरी सात किलोवॅट उष्णता उपसावी लागते. शिवाय पिकू लागलेलं केळं श्वसन करतं आणि स्वतःच उष्णता सोडतं, ते निराळं. म्हणजे यंत्राचा खरा भार भिंतीतून येत नाही, ट्रकमधून उतरतो. खोलीच्या लांबी-रुंदीवरून यंत्र ठरवणारे इथेच फसतात. यंत्र चोवीस तास धापा टाकतं आणि मधल्या क्रेटमधला माल तिसऱ्या दिवशीही गरमच असतो.

मग चांगल्या भिंतीवर खर्च कशाला? नऊ इंची विटांच्या भिंतीतून या पॅनलच्या सुमारे सातपट उष्णता आत येते, हे एक कारण. सुरतेत त्याहून मोठं कारण आहे दमट हवा. समुद्र जवळ, पावसाळा लांब. बाहेरची वाफ थंड बाजूकडे धाव घेते, सांध्यातून शिरते आणि थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. भिजलेला फोम उष्णता अडवायचं काम सोडून देतो. पॅनलच्या दोन्ही अंगांना पत्रा असतो, त्यातून वाफ जात नाही. ती जाते सांध्यांतून, पाइप आणि वायरीसाठी पाडलेल्या भोकांतून. त्यामुळे पॅनल कोणत्या कंपनीचं, याइतकंच महत्त्व सांधे कोणी आणि किती निगुतीने भरले याला आहे. कोटेशनमध्ये सांध्यांसाठी वेगळी ओळ क्वचितच असते!

जमिनीची गोष्ट याहून दुर्लक्षित. केळीच्या खोलीला जमिनीखाली उष्णतारोधक थर आणि ओल अडवणारा पडदा पुरतो. उणे तापमानाच्या खोलीखाली मात्र मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि फरशी वर उचलली जाते. म्हणून खाली हवा खेळवणारे पाइप किंवा गरम करणाऱ्या तारा घालतात. शिवाय जोत्याची उंची. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला होता, आणि लिंबायत परिसरात मिठी खाडीचं पाणी पावसाळ्यात अधूनमधून चढतंच. कंप्रेसर आणि वीजफलक जमिनीलगत ठेवणं या भागात परवडत नाही.

राहिला दरवाजा. रबरी पट्टी फाटलेली आणि पट्ट्यांचा पडदा दोरीने बांधून ठेवलेला असेल, तर वरचा सगळा हिशेब वाया.

पिकवण्याच्या खोलीत आणखी एक काम असतं, वायूचं. तापमान 16 ते 18 अंशांवर ठेवून इथिलीन सोडतात. केळं पिकताना स्वतः तयार करतं तोच हा वायू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत परवानगी दिली आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन दिल्यावर खोली उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो, नाहीतर पिकणं अडतं. क्रेट भिंतीला चिकटवून रचले तरी तेच. हवा फिरली नाही तर एकाच खोलीत पिवळे आणि हिरवे घड शेजारी-शेजारी निघतात.

राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या 2015 च्या अहवालात या सगळ्याचं देशपातळीवरचं चित्र आहे. मोठ्या शीतगृहांची क्षमता तेव्हा सुमारे 3 कोटी 18 लाख टन होती आणि गरज 3 कोटी 51 लाख टनांची, म्हणजे तूट फार नव्हती. रायपनिंग चेंबर, म्हणजे पिकवण्याच्या खोल्या, मात्र 812 होते, हवे होते 9,131. शेताजवळची पॅक हाउस 249, हवी होती 70,080. अनुदानाची आणि उद्घाटनांची गर्दी मोठ्या गोदामांभोवती झाली, छोटी खोली मागे राहिली.

नवागामसारख्या वस्तीत फळांचा धंदा करणाऱ्याला ही छोटी खोलीच उपयोगाची आहे. ती बांधायला देताना ठेकेदाराकडून दराआधी उष्णतेच्या भाराचा कागद मागावा. रोज किती माल येणार, किती अंशांवर येणार आणि किती तासांत थंड करायचा, हे तीन आकडे त्यात नसतील तर आगाऊ रक्कम देऊ नये.