शिंदी दारात, केरसुणी देव्हाऱ्यात

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो. ती केरसुणी शिंदीच्या पानांची असते. कुकडी, मीना, घोड या नद्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी ही शिंदी आपसूक उगवते. विहिरीवर झुकलेली एखादी शिंदी सुगरणीच्या खोप्यांनी लगडलेली असते. तीच शिंदी अमेरिकेत फ्लोरिडातल्या बागांमध्ये मोठ्या हौसेने लावतात. आपण मात्र बंगला बांधून झाला की नर्सरीतून परदेशी पाम आणतो.

२०१८ साली आपला जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. फार्महाऊस वाढली आणि फाटकाशी पामची जोडी दिसू लागली. आपण ज्याला 'बॉटल पाम' म्हणतो, तो बहुधा क्यूबाकडचा रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या एका बेटावरचा, बुटका आणि पोटाशी फुगीर. अरेका मादागास्करचा. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातला, त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेच १९८३ मध्ये. झाडं देखणी आहेत, लावू नका असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा स्वभाव ओळखून लावा.

पाम आंब्या-चिंचेच्या नव्हे, गवताच्या जवळच्या कुळातला. त्याच्या खोडाची जखम भरून येत नाही. म्हणून दिवाळीच्या माळांसाठी खोडात खिळे ठोकू नका, दोरीने सैलसर बांधा. एका खोडाला डोक्यावरचा कोंब एकच असतो. तो गेला की ते खोड गेलं. माळी 'साफसफाई' म्हणून हिरवी पानं छाटतात, तेही थांबवा. जुन्या पानातलं पालाश झाड नव्या पानाला पुरवत असतं. पूर्ण वाळलेलं पान तेवढं काढावं.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा, जागा थोडी उंच करा. पिशवीत जेवढं खोड मातीत होतं, तेवढंच इथेही ठेवा. रोप आषाढात लावलं की मुळं धरायला पाऊस मिळतो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरेपर्यंत ते सावरलेलं असतं. उकिरडा मात्र लांब हवा. गेंड्या भुंग्याच्या अळ्या उकिरड्यातल्या शेणखतात वाढतात आणि मोठा झालेला भुंगा थेट कोंब पोखरतो.

आणखी एक गोष्ट या भागापुरती. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, म्हणजे बिबट्या आपला शेजारीच आहे. घराला लागून अरेकाची दाट जाळी करू नये. सरळसोट खोडाचा पाम बरा, खालची नजर मोकळी राहते.

माझं मन मात्र भेरली माडावर आहे. भीमाशंकरच्या वाटेवर माशाच्या शेपटीसारखी पानं दिसली की तोच. दहा-पंधरा वर्षांनी त्याला शेंड्यापासून खाली, एकामागून एक, घोड्याच्या शेपटीसारखे फुलोरे लटकू लागतात. सर्वांत खालच्या घोसाची फळं पिकली की झाड मरतं. उदमांजर ती फळं खाऊन बिया दूरवर पसरवतं. माणसाच्या हाताला मात्र त्या फळांनी आग होते, तेव्हा मुलांच्या खेळायच्या जागेपासून हा माड दूर लावा. अभयारण्यातून रोप उपटून आणणं गुन्हा आहे. ते नर्सरीतूनच मागवा.

शिंदीचं तर रोपही विकत घ्यावं लागत नाही. पिकल्या फळाची ताजी बी कायमच्या जागीच टोचा, कारण कोवळी शिंदी हलवली तर रुसू शकते. उगवायला दोन-तीन महिने लागतात, पुढेही ती सावकाश वाढते. पानाच्या बुडाशी लांब काटे असतात, म्हणून पायवाटेपासून हात-दोन हात सोडून लावा. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा फळं हवी असतील तर चार-पाच बिया लावाव्यात.

तुमच्या बांधावर, ओढ्याकाठी शिंदी अजून उभी असेल, तर निदान ती तोडू देऊ नका.