शब्दसूचीचा तक्ता आणि वेबपानाची मांडणी

मराठी, तेलुगू व उर्दू अशी त्रैभाषिक शब्दसूची वेबपानावर ठेवायची म्हटले, की हैदराबादेत पहिला प्रश्न मांडणीचा येतो. एचटीएमएलचा जुना तक्ता घ्यावा की सीएसएसचे ग्रिड? सीएसएसची पहिली शिफारस १९९६ची. पण ब्राउझर तिला नीट साथ देईनात, म्हणून शीर्षक, समास, मजकूर सारे तक्त्याच्या अदृश्य चौकटींत कोंबले गेले. प्रमुख ब्राउझरांत ग्रिड आले ते २०१७मध्ये.

मी नव्याच्या बाजूचा. तरी शब्दसूचीला तक्ताच हवा. तिथे ओळ आणि रकाना यांचा संबंध हा अर्थाचाच भाग असतो. रकान्यांना शीर्षके नीट दिली असतील, तर अंध विद्यार्थ्याला पडदावाचक ‘तेलुगू’ असे सांगून मग शब्द ऐकवू शकतो. नुसत्या ग्रिडने हा संबंध डोळ्यांना दिसतो, कानांना नाही.

प्रस्तावना, टिपा, अनुक्रम यांना मात्र ग्रिडच बरे; मोबाइलवर रकाने एकाखाली एक घेता येतात. खरी कसोटी उर्दूची. जुन्या पद्धतीत समास ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणून ठरलेला, त्यामुळे उर्दूसाठी नियम वेगळे लिहावे लागत. आता ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ या अर्थाच्या संज्ञा आहेत. मजकुराची दिशा सांगितली की समास बाजू बदलतो. (आपल्याकडचे पाट्या रंगवणारे हे मुकाट्याने करत आले आहेत.)

शिवाय मराठी मजकुराला ‘एमआर’ ही भाषाखूण लावावी. तशी सोय असलेल्या फाँटात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात.